सपाटीवर शांत असलेला काटा चढावरच का सरकतो?

ट्रेलर मागे जोडलेला आहे, चढ लागून चार-पाच मिनिटं झाली आहेत, आणि इतके दिवस मधोमध खिळून बसलेला तापमानाचा काटा हळूच वर सरकू लागतो. एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. पुढे रेटावं की थांबावं? एसी बंद करावा का? वरचा गिअर ठेवला तर इंजिनाला त्रास कमी होईल का? यातल्या बऱ्याच प्रश्नांची ऐकीव उत्तरं चुकीची आहेत, आणि चुकीचं उत्तर थेट हेड गॅस्केटच्या (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) खर्चापर्यंत नेऊन सोडतं. म्हणून आधी त्या काट्यामागे काय चाललेलं असतं ते नीट पाहू.

एक हिशोब मांडू. सामानासकट पिकअप २३०० किलो आणि भरलेला ट्रेलर २२०० किलो, म्हणजे एकूण ४५०० किलो. चढ ६ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर. वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे मिनिटाला १ किलोमीटर. त्या एका मिनिटात गाडी ६० मीटर उंची चढते, दर सेकंदाला १ मीटर. साडेचार टनांचं ओझं दर सेकंदाला एक मीटर उचलायचं, आणि घाटमाथा येईपर्यंत उचलतच राहायचं. नुसत्या या उचलण्यालाच सुमारे ४४ किलोवॅट शक्ती लागते. टायरचं घर्षण, हवेचा अडथळा, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये वाया जाणारा भाग धरला तर इंजिनाला ६५ ते ७० किलोवॅट काढावे लागतात. तीच पिकअप ट्रेलर न जोडता सपाट रस्त्यावर त्याच वेगाने जाते, तेव्हा तिचं १० किलोवॅटच्या आसपास भागतं. वेग तोच, रस्त्यावर दिसणारं दृश्य जवळपास तेच, पण इंजिनाच्या पोटातलं काम सहा-सात पट.

आता यातली उष्णता बघा. इंधन जळून जी ऊर्जा निघते तिचा ठोकळ मानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुरासोबत सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत मुरतो. हा शेवटचा भाग कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरणारं थंड करणारं द्रव, उचलतं आणि रेडिएटरपर्यंत नेतं. डिझेल, पेट्रोल, टर्बो याप्रमाणे वाटे थोडे इकडेतिकडे होतात, पण मुद्दा बदलत नाही: चाकांना जितकी शक्ती, जवळपास तितकीच उष्णता रेडिएटरच्या दारात. खोली तापवणारा हीटर २ किलोवॅटचा असतो. वरच्या चढावर असे तीसेक हीटर तुमच्या बॉनेटखाली एकाच वेळी चालू आहेत असं समजा. ही सगळी आवक रेडिएटरने बाहेर टाकायची आहे, तीही सतत.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे तीन गोष्टींवर ठरतं: त्यातून किती कूलंट फिरतं, त्याच्या जाळीतून किती हवा जाते, आणि कूलंट व बाहेरची हवा यांच्या तापमानात किती अंतर आहे. या तिसऱ्या गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेर २० अंश असेल तर अंतर ७५ अंशांचं. बाहेर ४५ अंश असेल तर तेच अंतर ५० वर येतं. म्हणजे रेडिएटर तोच, गाडी तीच, पण उष्णता टाकण्याची ताकद एक तृतीयांशाने घटली. त्यात एसी चालू असेल तर रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला कंडेन्सर केबिनमधली उष्णता त्याच हवेत सोडतो, आणि टर्बो गाडीत बहुधा इंटरकूलरही (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) त्याच रांगेत उभा असतो. रेडिएटरच्या वाट्याला येणारी हवा आधीच दोन ठिकाणी तापून आलेली असते.

उंचीनेही फरक पडतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत २००० मीटरवर हवा जवळपास १८ टक्के विरळ असते आणि ३००० मीटरवर २५ टक्क्यांहून जास्त. पंखा तितकाच फिरतो, पण त्याच्या पात्यांत हवाच कमी सापडते. आणखी एक बारकावा म्हणजे मागून येणारा वारा. ताशी ४० ने चढताना पाठीमागून ताशी २० चा वारा असेल तर ग्रिलला फक्त २० चीच हवा लागते. पुढच्या मोठ्या ट्रकला चिकटून चाललात तर तीही अडते आणि जी येते ती त्याच्या इंजिनावरून तापून येते. म्हणून एकाच चढावर एका दिवशी काटा हलत नाही आणि दुसऱ्या दिवशी धास्ती घालतो.

मग काटा लगेच का चढत नाही, चार-पाच मिनिटांनीच का? कारण इंजिनाचा धातू आणि आतलं कूलंट मिळून उष्णतेची एक कोठी असते. समजा आवक रेडिएटरच्या जावकीपेक्षा ५ किलोवॅटने जास्त झाली. इंजिनाचा धातू २०० किलो आणि कूलंट १० लिटर धरलं तर ही जादा उष्णता साधारण अर्ध्या मिनिटाला एक अंश वाढवते. दहा अंश वाढायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. छोटा चढ या कोठीच्या जोरावर निभावून जातो. लांब चढावर मात्र कोठी भरते आणि मग खरी परीक्षा सुरू होते. एखादा दोन किलोमीटरचा चढ गाडीने सहज काढला, म्हणून वीस किलोमीटरचा घाटही ती काढेल असा हिशोब करू नका.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक सांगतो. चढून थांबणारा काटा वेगळा आणि चढतच राहणारा काटा वेगळा. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतो आणि आणखी दहाएक अंशांत पूर्ण उघडतो. तो पूर्ण उघडल्यावर त्याच्या हातात काहीच उरत नाही. तिथून पुढे कूलंट किती तापणार हे आवक-जावकीवर ठरतं. पण या व्यवस्थेत एक चांगली सोय आहे. कूलंट तापलं की बाहेरच्या हवेशी त्याचं अंतर वाढतं, आणि रेडिएटर आपोआप जास्त उष्णता टाकू लागतो. बाहेर ४० अंश असताना कूलंट ९५ वरून १०५ वर गेलं तर हे अंतर ५५ वरून ६५ होतं, म्हणजे जावक जवळपास १८ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे काटा थोडा वर जाऊन तिथेच स्थिर झाला तर बहुतेक वेळा गाडीने नवा तोल साधलेला असतो. थांबायचं नावच घेत नसेल, तर तोल साधत नाहीये आणि काहीतरी आपल्याला करायचं आहे.

१०५ अंश ऐकून घाबरायला होतं, कारण पाणी १०० ला उकळतं हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. रेडिएटरचं झाकण त्यासाठीच असतं. ते आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. बाटलीतलं कूलंट (मुख्यतः ग्लायकॉल हे रसायन) आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उकळबिंदू आणखी वर, १२५ च्या पुढे जातो. झाकणाची रबरी सील सुकून दाब निसटू लागला की हा सगळा राखीव पल्ला संपतो. सगळ्या शीतन व्यवस्थेतला हा सर्वांत स्वस्त भाग, आणि सगळ्यात शेवटी तपासला जाणारा. बाटलीतलं कूलंट जास्त घातलं की थंडावा जास्त, असंही नाही. उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं; ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं आणि त्यातली रसायनं गंज रोखतात. निम्मं-निम्मं हे प्रमाण म्हणूनच धरलेलं आहे.

काट्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अनेक आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कूलंट मोठ्या पल्ल्यात वरखाली झालं तरी तो मधोमधच राहतो, आणि हलू लागतो तेव्हा तापमान आधीच बरंच वर गेलेलं असतं. ट्रेलर नेहमी ओढणाऱ्याने ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची खाच) लागणारं छोटं रीडर घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. खरा आकडा दिसला की निर्णय चार मिनिटं आधी घेता येतो. आणि एक धोक्याची खूण लक्षात ठेवा: वर चढलेला काटा चढावरच अचानक खाली पडला, तर सुटकेचा श्वास सोडू नका. कूलंट गळून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो, आणि कोरड्या सेन्सरला इंजिनाचं खरं तापमान कळत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे? ट्रेलरचं वजन चढावर कमी करता येत नाही, चढ सपाट करता येत नाही, हवा थंड करता येत नाही. वेग मात्र तुमच्या हातात आहे, आणि तोच सगळ्यात मोठा उपाय आहे. वरच्याच चढावर ताशी ६० ऐवजी ४० ने गेलात तर उचलण्याची शक्ती ४४ वरून २९ किलोवॅटवर येते, आणि इंजिनाचं एकूण काम ४५ च्या आत. रेडिएटरच्या दारातली आवक तिसऱ्या हिश्श्याने उतरली. दहा किलोमीटरच्या चढाला दहाऐवजी पंधरा मिनिटं लागतील. म्हणजे पाच मिनिटं. कुणी म्हणेल, वर चढायला लागणारी ऊर्जा तर तेवढीच, मग फरक काय पडला? बरोबर आहे, एकूण ऊर्जा तेवढीच. पण रेडिएटरला एकूण किती आलं याच्याशी देणंघेणं नसतं, दर सेकंदाला किती आलं याच्याशी असतं. तीच उष्णता जास्त वेळात वाटून दिली की त्याला ती पेलते.

पण नुसता वेग कमी करून वरच्याच गिअरमध्ये रेटत राहिलात तर उलटा परिणाम होईल. इथेच तो जुना समज आडवा येतो: इंजिनाचे फेरे कमी म्हणजे इंजिनाला आराम. ओझ्याखाली हे खरं नाही. ५५ किलोवॅट शक्ती मिनिटाला १५०० फेऱ्यांवर काढायची तर सिलिंडरमधला इंधनाचा प्रत्येक स्फोट फार मोठा करावा लागतो. ३००० फेऱ्यांवर प्रत्येक स्फोट निम्म्यावर येतो. इंजिन घरघरत, दम लागल्यासारखं ओढतं तेव्हा सिलिंडरमधला दाब आणि पिस्टनवरचा ताण वाढलेला असतो, पेट्रोल इंजिनात नॉकिंगही (इंधनाचा अवेळी, ठोके देणारा स्फोट) होऊ शकतं. दुसरी गोष्ट, वॉटर पंप बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, आणि बऱ्याच पिकअपमध्ये पंखाही. फेरे वाढले की कूलंट जोरात फिरतं आणि हवाही जास्त ओढली जाते. म्हणून खालचा गिअर टाकायचा, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या आसपास ठेवायचा, आणि आवाज वाढला तरी बिचकायचं नाही. लाल रेषेपासून बरंच खाली असाल तर तो आवाज इंजिनाला सोसतो. गिअर चढ सुरू होण्याआधी बदला. मध्येच गाडीचा दम गेल्यावर बदलायला गेलात की गती तुटते.

चढावर पुढून घोंघावल्यासारखा मोठा आवाज येऊ लागला तर तोही बहुधा बिघाड नसतो. पट्ट्यावरच्या पंख्याला फॅन क्लच असतो. त्यात सिलिकॉनचं दाट तेल आणि पुढे धातूची एक पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वाकते, तेलाची वाट उघडते आणि पंखा पूर्ण जोराने फिरू लागतो. चढावर गाडी तापतेय आणि तरीही हा आवाज कधीच येत नसेल, तर फॅन क्लचवर संशय घ्या.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर आणखी एक पाहुणा पंगतीला असतो. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक नसताना त्यातलं तेल घुसळलं जातं आणि ती सगळी घुसळण उष्णता होते. बऱ्याच गाड्यांत हे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकीतून जाते, म्हणजे गिअरबॉक्सचा ताप पुन्हा कूलंटच्या माथी. चढावर गिअरबॉक्स दोन गिअरमध्ये सारखा वरखाली करू लागला तर हे प्रकरण चिघळतं. टो मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सोय) असेल तर तो लावा, नसेल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गिअर, बंद करून हाताने गिअर धरून ठेवा. नेहमी ओढत असाल तर गिअरबॉक्ससाठी वेगळा ऑइल कूलर बसवणं मला चैनीचं वाटत नाही.

तरीही आकडा चढतोच आहे असं दिसलं तर आधी एसी बंद. मग खिडक्या उघडून केबिनचा हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण जोरात. उन्हाळ्यात हे नको वाटतं, पण हीटरची कॉइल म्हणजे एक छोटा रेडिएटरच, आणि त्यातून काही किलोवॅट उष्णता बाहेर पडते. वरच्या उदाहरणात तूट ५ किलोवॅटचीच धरली होती. तेवढ्यावर तोल परत येऊ शकतो.

नाहीच आला तर सुरक्षित जागा बघून थांबा. हँडब्रेक लावा, पिकअपच्या आणि ट्रेलरच्या चाकांमागे ठोकळे किंवा मोठे दगड लावा. कूलंट जागेवर असेल, वाफ नसेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रल किंवा पार्कमध्ये फेरे १२०० ते १५०० वर धरा. ओझं गेलं, पण पंप आणि पंखा चालू आहेत, त्यामुळे तापमान मिनिटा-दोन मिनिटांत उतरू लागतं. एकदम बंद केलंत तर फिरणारं कूलंट थांबतं आणि तापलेल्या धातूची उष्णता जागच्या जागी कूलंटमध्ये शिरून तापमान आणखी वर जातं. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेलही करपतं. याला अपवाद एकच आणि तो पक्का आहे: वाफ निघतेय, कूलंट सांडतंय, किंवा काटा लाल पट्ट्यात जाऊन उतरतच नाहीये, तर इंजिन तत्काळ बंद. फिरवायला कूलंटच नसेल तर इंजिन चालू ठेवून काही मिळत नाही.

आणि झाकण. गरम असताना झाकणाला हात लावू नका, फडकं धरूनही नाही. आतलं द्रव १०० च्या वर तापलेलं असूनही फक्त दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल झालं की दाब जातो आणि त्यातला काही भाग क्षणात वाफ होऊन उरलेल्याला तोंडावर फेकतो. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबल्यावर मऊ लागेपर्यंत आणि हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास लागू शकतो. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतणंही तितकंच वाईट, हेडला तडा जाऊ शकतो.

हेडची एवढी काळजी का, तेही सांगतो. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ज्या इंजिनात ब्लॉक लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं, तिथे दोघांच्या मध्ये दाबून बसवलेलं गॅस्केट ही ओढाताण रोजच सोसत असतं. मर्यादेबाहेर तापलं की हेड वाकतं, गॅस्केटची पकड सुटते आणि स्फोटाचा वायू थेट कूलंटमध्ये शिरतो. मग गाडी सपाटीवरही तापू लागते.

जुन्या गाडीच्या मालकांना एक सल्ला हमखास मिळतो: थर्मोस्टॅट काढून टाका. तो ऐकू नका. चढावर तापलेल्या गाडीत चांगला थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो, तो काढून रेडिएटर मोठा होत नाही. उलट थंडीत इंजिन तापायला वेळ घेतं आणि झिजतं. अडकला असेल तर नवा बसवा, एवढंच.

खरी चूक कुठे आहे हे शोधायला एक निरीक्षण फार उपयोगी पडतं. गाडी गर्दीत आणि उभ्या-उभ्या तापते, पण वेगात गेल्यावर शांत होते, तर दोष बहुधा पंख्याचा. उलट उभी असताना ठीक, ओझ्याखाली मात्र तापते, तर दोष प्रवाहाचा: आतून क्षार साचलेला रेडिएटर, पाती झिजलेला वॉटर पंप, घसरणारा पट्टा, जोरात ओढ बसली की चपटा होणारा खालचा होज. यातलं बरंचसं गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर दिसत नाही, म्हणूनच ‘आमच्याकडे तर तापली नाही’ हे ऐकायला मिळतं. माझ्या पिकअपचं असंच झालं होतं. थर्मोस्टॅट बदलला, कूलंट बदललं, चढावर काटा पुन्हा वर. शेवटी कंडेन्सर सैल करून मागे पाहिलं, तर त्याच्या आणि रेडिएटरच्या फटीत धूळ, गवताचं बी आणि किडे यांचा नमदा बसला होता. समोरून ग्रिल स्वच्छ दिसत होती. तेव्हापासून मी ती फट टॉर्च लावून बघतो, आणि धुताना पाण्याची धार हलकी ठेवून इंजिनाच्या बाजूने बाहेर मारतो. जोराची धार पातळ पट्ट्या वाकवते. ग्रिलसमोर जादा दिवे आणि जाड गार्ड लावणाऱ्यांनीही हवा कुठून जाणार याचा विचार करावा.

वजनाची मर्यादा पाळताना ट्रेलरचा आकडा एकटा बघून चालत नाही. गाडी, माणसं, सामान आणि ट्रेलर मिळून होणाऱ्या एकूण वजनाची मर्यादा वेगळी दिलेली असते. हे आकडे कसे ठरावेत यासाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ हे मानक केलं आहे. त्यातल्या एका चाचणीचा आधार अमेरिकेतल्या ॲरिझोनामधला डेव्हिस डॅमचा चढ आहे: जवळपास १८ किलोमीटर लांब, ९०० मीटर उंची, तीही किमान ३८ अंश उष्णतेत आणि एसी पूर्ण चालू ठेवून. साध्या पिकअपचा वेग तिथे ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. हे पार करणारी गाडी नवी असते, रेडिएटर कोरा असतो. दहा वर्षं वापरलेल्या गाडीने पुस्तकातल्या कमाल आकड्यापासून चांगलं अंतर राखलेलं बरं.

एकदा गाडी लाल पट्ट्यात जाऊन आली असेल, तर थंड झाल्यावर चालू झाली म्हणून ट्रेलर लगेच जोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघा. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते का, चालू केल्यावर टाकीत सतत बुडबुडे येतात का, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, तेही तपासा. यातलं एक जरी दिसलं, तर कूलंटमध्ये स्फोटाचा वायू मिसळतोय का याची रासायनिक चाचणी करून घेईपर्यंत ट्रेलर उभाच राहू द्या.